थोरलीनं खाल्लं का?

लग्न ठरत होतं तेव्हाच ह्यांनी माझ्या वडिलांना सांगून टाकलं होतं, "माझ्यावर आधीच एकीची जबाबदारी आहे. रोज सकाळी पावणेसातला मला तिच्यापाशी असावं लागतं." वडिलांच्या हातातली कपबशी वाजली. आई उठून आतल्या खोलीत गेली. मग हळूहळू उलगडा झाला, की ती एकवीस वर्षांची आहे, शहराच्या प्राणिसंग्रहालयात राहते आणि तिचं वजन तीन टन आहे.

हत्तीण ह्यांच्या आयुष्यात माझ्या दोन वर्षं आधी आली. तिथल्या कामगारांनी मग नाती लावून टाकली. ती थोरली, मी धाकटी. ह्यांचा डबा द्यायला गेले की फाटकावरचा तिकीटवाला आत ओरडायचा, "अरे, सांगा त्यांना, धाकट्या आल्यात!" पहिली काही वर्षं मला राग यायचा. पण मी मुळात हळू बोलणारी. माझा राग लोकांना ऐकू जाईपर्यंत विषय बदललेला असतो. नंतर तर मीच ह्यांना विचारायला लागले, "आज थोरलीकडे जेवून आलात की भूक आहे?"

ह्यांचा एक नेम होता. थोरलीनं सकाळची पाटी खाल्ल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. पाटी म्हणजे गवताच्या दोन पेंढ्या, एक भोपळा, थोडी गाजरं आणि औषध घातलेला भुशाचा गोळा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती पोटदुखीनं चार दिवस काही खात नव्हती. तेव्हा ह्यांनी मनाशी धरलं, की हिनं तोंड हलवल्याशिवाय आपण चहाला तोंड लावायचं नाही. पाचव्या दिवशी तिनं भोपळा फोडला. नेम मात्र राहिला तो राहिलाच. मी स्वतः दिवा लावून माळ पुरी होईपर्यंत कुणाशी बोलत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या नेमाला हसायची मला सोय नव्हती. शिवाय त्या नेमाचा घरात कुणाला जाचही नव्हता. ती सातला खायची, हे सव्वासातला तिथंच थर्मासमधला चहा घ्यायचे. चौतीस वर्षं असंच चाललं.

जाच सुरू झाला तो हे निवृत्त झाल्यावर.

निरोपाच्या दिवशी प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी ह्यांना बाजूला घेतलं. म्हणाले, "सहा महिने तिच्या नजरेस पडू नका. तुम्ही दिसलात तर ती नवीन माणसाला जवळ करायची नाही. तिच्याच भल्यासाठी सांगतोय." हे "बरं" म्हणाले. घरी येऊन बुटांची नाडी सोडायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

नवीन माणूस म्हणजे एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी. हत्तींचा अभ्यास करून आलेली, हसरी, गळ्यात दोरीला एक शिट्टी. थोरलीनं सांगितलेलं नीट केलं की ती शिट्टी वाजवणार आणि लगेच सफरचंदाची फोड देणार. तिथं नाव पडायला वेळ लागत नाही. आठवडाभरात तिचं नाव शिट्टी झालं. ह्यांना ती पद्धत मुळीच पटली नाही.

"शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा असतो," हे म्हणाले. "हत्तीण आहे ती. कुकर नाही."

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी मी चहा करून पुढे ठेवला. ह्यांनी कपाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"थोरलीनं खाल्लं का?"

"मला काय माहीत?"

"मग चहा कसा घेणार?"

"अहो, नोकरी सुटली. आता नेमही सुटला."

"तुझी माळ सुटते का कधी?"

शिट्टीला फोन लावला तर तो बंद. हत्तीघरात फोन न्यायला बंदी आहे आणि ती दहानंतर बाहेर येते. ह्यांची मधुमेहाची गोळी आठला, न्याहारीबरोबर. दोन दिवस हे दहा-साडेदहापर्यंत नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले तेव्हा मीच म्हटलं, "राहू द्या. मी बघून येते. मला तर साहेबांनी बंदी केलेली नाही ना?"

प्राणिसंग्रहालय आमच्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी साडेसहालाच उघडतं. तोवर माझी माळ झालेली असते. थंडीचे दिवस होते. शालीला खिसे नसतात आणि मला फोन, पास, चष्मा सगळं जवळ हवं, म्हणून दारामागचा ह्यांचा कामाचा कोट मी अंगात घातला. जाड, खाकी, गुडघ्यापर्यंत येणारा. त्या कोटात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. हे निवृत्त झाले तरी कोट निवृत्त झालेला नव्हता. संध्याकाळी फिरायला तोच, घरात पेपर वाचताना तोच, परवा तर पांघरुणावर तोच.

"घाल, घाल," हे खुशीत म्हणाले. "तेवढीच आपली हजेरी."

थोरलीसाठी दोन वर्षांपूर्वी नवीन आवार बांधलंय. मोठं मोकळं अंगण, वाळूचा ढीग, पोहायला तळं, अंग घासायला रोवलेले ओंडके. अलीकडे बघणाऱ्यांसाठी कठडा आणि मधे खोल खंदक. पलीकडच्या टोकाला हत्तीघर. तिथं मनगटाएवढ्या सळ्यांची भिंत आहे आणि तिला खाली एक चौकोनी खिडकी. त्या खिडकीतून थोरलीनं पाय बाहेर काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, म्हणजे सळ्यांआड उभं राहून तिची नखं कानशीनं घासता येतात. हत्तीचं सगळं दुखणं पायात, असं हे नेहमी सांगायचे. नखं रोज बघावी लागतात.

मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. पलीकडे शिट्टीनं पाटी मांडली. थोरली पाटीकडे निघाली, दोन पावलं गेली, थांबली. सोंड वर केली, टोक माझ्याकडे वळवलं आणि अख्खी वळून चालत कठड्यासमोर येऊन उभी राहिली. मधे खंदक. पलीकडे ती, अलीकडे मी. तिनं सोंड लांब केली आणि फुस्स करून श्वास घेतला.

बत्तीस वर्षांत आम्ही दोघी एवढा वेळ समोरासमोर कधी उभ्या राहिलो नव्हतो. काही वेळ मी खाली बघितलं. मग म्हटलं, बोलून तर बघू.

"बाई," मी हळूच म्हटलं, "खाऊन घ्या. घरी एक माणूस उपाशी बसलाय."

ती कान हलवत उभी. मागून शिट्टी वाजत होती. ती ढिम्म हलली नाही. साडेसातला कधीतरी भूक लागली असावी, वळली आणि पाटीकडे गेली. मी घरी फोन केला. "खाल्लं." पलीकडून कप उचलल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तिनं आठला खाल्लं. त्या आठवड्याच्या शेवटी नऊ वाजले. मी कठड्याशी आले की ती पाटी सोडून माझ्यासमोर हजर. मी डावीकडे सरकले की ती डावीकडे. बाकड्यावर बसले की समोर उभी राहून सोंड हलवणार. मफलर गुंडाळून रोज फिरायला येणारे एक आजोबा होते, त्यांनी तर मला विचारलंच, "तुमचं हिच्याशी काही जुनं भांडण आहे का?"

"सवत आहे," मी म्हटलं. मी हळू बोलले म्हणून असेल, ते "असं का" म्हणून पुढे गेले.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "तुमची थोरली मला बघून जेवत नाही. बत्तीस वर्षांचा राग काढतेय."

"ती असल्या मनाची नाही," हे तिची बाजू घेऊन म्हणाले. "शिट्टीमुळे बिथरली असेल. गाजर कापून देते का ती? कापून देऊ नये. अख्खं द्यावं. कडाकड आवाज आल्याशिवाय तिला खाल्ल्यासारखं वाटत नाही."

महिनाभरात साडेदहा वाजायला लागले. हे चहावाचून डोकं धरून बसत, गोळी उशिरा घेत आणि माझ्यावर चिडत. मी चालून, उभं राहून आणि त्या कोटाच्या ओझ्यानं दमत होते. तिकडे शिट्टीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. येता-जाता मला "काकू, बऱ्या आहात ना?" विचारायची, पण डोळे थोरलीच्या पायांकडे.

आणि मग ते पायाचं निघालं. पुढच्या डाव्या पायाच्या नखाला चीर गेली होती. आत पू धरला होता. ते नख रोज कोमट पाण्यानं धुवायला हवं, आणि एकदा नीट कापून साफ करायला हवं. पण थोरली शिट्टीसाठी पाय खिडकीत ठेवतच नव्हती. शिट्टी "पाय" म्हणाली की ही कठड्याकडे बघणार. हत्तींचे डॉक्टर पुढच्या शुक्रवारी येणार होते. तोपर्यंत तिनं पाय द्यायला सुरुवात केली तर ठीक, नाहीतर भुलीचं इंजेक्शन देऊन आडवं पाडून नख कापायचं असं ठरलं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा हे उठून उभे राहिले आणि परत बसले.

"त्रेपन्न वर्षांची आहे ती," हे म्हणाले. "आडवी पाडली की स्वतःचंच वजन छातीवर येतं तिच्या. ह्या वयात आडवा पडलेला हत्ती उठेलच असं नाही."

"मग तुम्ही जा. साहेबांना सांगा. तुम्ही म्हटलं की देईल पाय."

"देईल. आणि परवा? त्याच्या परवा? मी पासष्टचा होईन, सत्तरचा होईन. मी गेल्यावर पाय कुणाला देईल?"

त्या रात्री माळेतले मणी माझ्या बोटांतून गेले, पण नाव कुणाचं घेत होते ते देवालाच ठाऊक. चक्क थोरलीसाठी काही मागत होते मी. मागताना जरा अवघडल्यासारखं झालं.

त्या रविवारी मी घरातले जाड कपडे धुवायला काढले. कोटही टाकला. हे कुरकुरले, "त्याला काय झालंय?" मी म्हटलं, "त्याला तुम्ही झालाय." पाणी तीनदा बदललं तेव्हा ते जरा पाण्यासारखं दिसायला लागलं. सोमवारी सकाळी कोट दोरीवर ओलाच होता, म्हणून मी लेकीनं माहेरी टाकून ठेवलेला लाल स्वेटर घातला आणि गेले.

थोरली पाटीवरून हललीच नाही. भोपळा पायाखाली फोडला, गाजरं गेली, गोळा गेला, पेंढ्या संपल्या. सात वाजून दहा मिनिटं. मग शिट्टी "पाय" म्हणाली आणि तिनं डावा पाय उचलून खिडकीत ठेवला. क्षणभरच. लगेच काढून घेतला. पण ठेवला! शिट्टीनं एवढ्या जोरात फुंकलं, की फिरायला आलेले आजोबा बाजूला झाले.

ह्यांनी सव्वासातला चहा घेतला. मला म्हणाले, "तुमचं जमलं वाटतं दोघींचं." मी मनात म्हटलं, माळ कामी आली.

सोमवारी संध्याकाळी हे वाळलेला कोट घालून फिरून आले, रात्री सर्दी झाली म्हणून तोच पांघरून झोपले. मंगळवारी सकाळी मी तो कोट अंगात चढवला, देवाचे आभार मानत कठड्याशी जाऊन उभी राहिले, आणि थोरली पाटी टाकून माझ्यासमोर. अकरा वाजेपर्यंत. पाय नाही, काही नाही.

बुधवारी शिट्टी कठड्याशी माझ्याकडे आली. हातात एक वही. थोरलीनं किती वाजता खाल्लं, वारा कुठला होता, आवारात काय नवीन होतं, सगळं ती रोज लिहून ठेवायची.

"काकू, रागावू नका. एक विचारू?"

"विचार ना गं."

"मी ही वही काल रात्री तीनदा वाचली. सगळे दिवस सारखे आहेत, एक सोमवार सोडून. आणि सोमवारी मी नुसतं एवढंच वेगळं लिहिलंय, की काकू लाल स्वेटरमध्ये." ती थांबली. "रोज तुम्ही जो कोट घालता, तो कुणाचा?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे. मग आम्ही दोघींनी मिळून कोटाकडे बघितलं.

"अगं बाई," मी म्हटलं.

"काकांचा?"

"धुतला होता मी रविवारी! म्हणजे सोमवारी तो नव्हताच. आणि मग रात्रभर हे त्याच्यात..." मी कपाळावर हात मारला. "अगं, मी म्हणत होते ही माझ्यावर रागावलीय."

"मला वाटत होतं तुम्ही तिला मनातल्या मनात काही सांगता," शिट्टी म्हणाली, "आणि ती तुमचं ऐकते. मला तर तुमचा हेवा वाटायला लागला होता. काकू, कोट काढून द्या बरं जरा."

तिनं कोट कठड्याच्या पार त्या टोकाला नेऊन टांगला आणि मला माझ्याच जागी उभं राहायला सांगितलं. थोरलीनं माझ्याकडे एकदा बघितलं, नाही बघितल्यासारखं केलं आणि सरळ कोटासमोर जाऊन उभी राहिली. सोंड लांब केली. फुस्स करून वास घेतला, डोळे अर्धे मिटले. कोटाची बाही वाऱ्यानं हलली की तिचे कान हलत होते.

साहेबांनी ह्यांना सहा महिने तिच्या नजरेआड ठेवलं होतं आणि मी रोज सकाळी साडेसहाला ह्यांना तिच्यासमोर आणून उभं करत होते. ही चूक अख्ख्या जगात फक्त आमच्याच घराकडून होऊ शकत होती. हे चहा पीत नाहीत म्हणून मी जायची, मी जायची म्हणून ती खात नव्हती, ती खात नव्हती म्हणून हे चहा पीत नव्हते. मी त्या कठड्यावर डोकं टेकून हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही.

"तूच घाल तो कोट," मी शिट्टीला म्हटलं. "तुला पाय देईल."

तिनं मान हलवली. "मग ती कोटाचं ऐकेल, काकू. माझं नाही. कोट फाटला की मी परत तिथंच." कोटाची घडी घालून तिनं माझ्या हातात दिला. "शुक्रवारपर्यंत तुमच्याकडून कुणी नको. मी उद्या दहाला फोन करते."

मी घरी आले. हे दाराशीच उभे. मी सगळं सांगितलं. ह्यांनी आधी फक्त एवढंच ऐकलं, की थोरली ह्यांच्या कोटासमोर उभी राहिली.

"डोळे मिटले म्हणतेस?"

"अर्धे."

"सोंड कशी होती? अशी, का अशी?" हे हातानं सोंड करून दाखवायला लागले. साठ वर्षांचा माणूस दिवाणखान्यात हाताची सोंड करून उभा. "आणि कान? कान मागे होते की पुढे?"

"पुढे."

"ओळखलं," हे म्हणाले. "दीड महिना झाला, तरी ओळखलं." आणि खुर्चीत बसून एकटेच हसत राहिले. तेवढं हसू मी आमच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही. मला जरा टोचलं. पण ते पुसून मी पुढचं सांगितलं. म्हणजे शिट्टीनं सांगितलेलं. शुक्रवारपर्यंत कुणी नको. आणि ह्यांचं हसू हळूहळू मावळत गेलं, कारण आता ह्यांना ते पुरतं ऐकू आलं होतं. थोरली ह्यांच्यामुळे खात नव्हती. ह्यांच्यामुळे पाय देत नव्हती.

नेम सोडा, असं मी म्हणाले नाही. कुणी मला माळ सोड म्हटलं तर मी सोडणार नाही. नेम ज्याचा त्यानंच खाली ठेवायचा असतो. मी फक्त कोट कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी हे दहापर्यंत थांबले. शिट्टीचा फोन आला. सातला खाल्लं, पाय दोनदा ठेवला, पण ठरत नाही, लगेच काढून घेते. ह्यांनी चहा घेतला, तोही अर्धा. मग संध्याकाळभर खिडकीत बसून होते. जेवताना अचानक म्हणाले, "ती पोरगी रात्री तीनदा वही वाचते म्हणतेस?"

"हो."

"मी कधी वही ठेवली नाही." घास हातात धरून बसले. "आणि मी तिच्यावर रोज माणूस पाठवला. पहारा. दुसरं काय म्हणायचं ह्याला?"

शुक्रवारी सकाळी दिवा लावून, माळ पुरी करून मी स्वयंपाकघरात आले, तर हे आधीच टेबलाशी बसलेले. सात वाजायला आले होते.

"चहा टाक," हे म्हणाले.

"आता?"

"आता सात वाजलेत. सातला ती खाते."

"फोन दहाला येईल, अहो. आज तर डॉक्टरही आहेत, उशीरच होईल."

"शिट्टी आहे ना तिथं? मग खाल्लं असणार. टाक."

मी चहा टाकला. दोन कप केले, समोरासमोर ठेवले. ह्यांनी कप दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, आणि एक घोट घेतला. मग दुसरा. कप खाली ठेवला नाही, सगळा संपेपर्यंत. मग गोळी मागितली, न्याहारी मागितली. मी दिलं.

"तुझा गार होतोय," हे म्हणाले.

"घेते."

"घे मग."

"गरम आहे फार."

ह्यांनी माझ्या कपाकडे बघितलं. वाफ केव्हाच गेली होती. साय धरली होती. हे ओठ दाबून पेपरामागे गेले. पेपर उलटा होता हे मी सांगितलं नाही, आणि माझा चहा मला का जात नाही हे ह्यांनी विचारलं नाही.

आठ वाजले. नऊ वाजले. मी ओटा दोनदा पुसला. देवापुढच्या दिव्यात मधेच जाऊन तेल घालून आले. सवतीसाठी बायको काय काय करते हे वरचाही बघून हसत असेल. साडेनऊला हे म्हणाले, "भूल द्यायची असती तर लवकर दिली असती. सकाळी लवकर देतात." मी म्हटलं, "हो." पावणेदहाला हे म्हणाले, "किंवा दिली असेल आणि ती उठायची वाट बघत असतील." मी म्हटलं, "अहो, गप्प बसा."

दहाला पाच कमी असताना फोन वाजला. माझ्या हातातून सांडशी पडली. ह्यांनी फोन उचलला आणि लाऊडस्पीकरवर टाकायच्या नादात एकदा कापूनच टाकला. परत वाजला, तेव्हा एकदाचा लाऊडस्पीकर लागला.

"काका!" शिट्टी ओरडत होती. मागून कुणीतरी हसत होतं. "काका, अकरा मिनिटं! अकरा मिनिटं ठोकळ्यावर पाय ठेवला तिनं. डॉक्टरांनी नख कापलं, धुतलं, सगळं झालं. इंजेक्शनची पेटी उघडलीसुद्धा नाही. हॅलो? काका?"

मीच पुढे होऊन म्हटलं, "ऐकतोय गं. दोघंही ऐकतोय. तिनं खाल्लं का?"

"सातला, काकू. सगळं. गाजरं अख्खी दिली."

मी खुर्चीवर बसले. समोरचा कप उचलला आणि तो गार चहा, साय बाजूला न करताच, एका दमात पिऊन टाकला. इतका वाईट चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते. हे माझ्याकडे बघत होते, फोन टेबलावर, ओठांच्या कोपऱ्यात तेच दाबलेलं हसू.

"शिट्टी," हे फोनमध्ये म्हणाले, "एक ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांनाही नाही. पाय धुऊन झाला की तिच्यापुढे नुसता हात उघडा धरायचा. ती तोंड उघडेल. मग तिच्या जिभेवर तळवा ठेवून चोळायचं. सावकाश, मागून पुढे."

"जिभेवर?"

"जिभेवर. तिला ते फार आवडतं."

"आणि ती चावणार नाही?"

"मला चौतीस वर्षांत नाही चावली," हे म्हणाले. मग जरा थांबून, "तुला पहिल्या दिवशी जमायचं नाही. दोन-तीन दिवस नुसता हात धर. तोंड तिनं उघडायचं, आपण नाही उघडायला लावायचं. समजलं? लिहून घे तुझ्या वहीत."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. "हं, सांगा काका. किती वेळ चोळायचं?"

हे खुर्ची ओढून फोनजवळ नीट बसले आणि हवेत हात धरून सांगायला लागले. मी उठले आणि दोघांसाठी पुन्हा चहा टाकला, कारण हे लवकर संपणारं दिसत नव्हतं.